भर दुपारचं नागपूर टिपायला फोन पुरेल की कॅमेऱ्यावर सीपीएल हवा?

हैदराबाद-जबलपूर रस्त्याने जाणारी गाडी नागपुरात शिरते ती बरेचदा भर दुपारी. ऊन उतरेपर्यंत थांबायला प्रवाशाकडे वेळ नसतो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असतो. २६ मेच्या आसपास तर बारा वाजून गेल्यावर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते. अशा उन्हात फोनवर भागवायचं, की कॅमेरा आणि त्याच्या भिंगावर सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा सर्क्युलर पोलरायझर फिल्टर, बाळगायचा? मी दोन्ही घेऊन बरेच उन्हाळे हिंडले आहे, म्हणून सांगते.

झिरो माइल घ्या. चार घोडे आणि अंतरं कोरलेला वालुकाश्माचा खांब. दुपारी घोड्यांच्या पाठी लख्ख चमकतात आणि पोटाखाली काळोख असतो. इथे फोन बाजी मारतो. एचडीआरमध्ये तो पाठोपाठ घेतलेल्या अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यामुळे आभाळही राहतं आणि पोटाखालचं घडीव कामही दिसतं. कॅमेऱ्यात हेच हवं असेल तर रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढून घरी सावल्या उजळत बसावं लागतं. पण फोटो मोठा करून बघा: घोड्यांच्या कडेने फिकट झालर आलेली असते, मागून गेलेल्या ऑटोचं भूत उमटलेलं असतं, आणि दगड ढगाळ दिवसासारखा सपाट झालेला असतो. मला हे सपाटपण खटकतं. नागपूरचं ऊन फोटोत दिसलं पाहिजे.

खांबावरच्या अक्षरांसाठी तर हेच ऊन मदतीला येतं. वरून येणारा प्रकाश उभ्या दगडाला घासत खाली उतरतो, कोरीव अक्षराच्या वरच्या कडेची बारीक सावली आत पडते आणि अक्षर उठून दिसतं. एचडीआर नेमकी तीच सावली पुसतो. फोनमध्ये सोय असेल तर तेवढ्यापुरता तो बंद करा, किंवा अक्षरांवर बोट टेकवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली ओढा.

आता सीपीएल. आभाळावर त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त चालतो. सूर्य डोक्यावर असला की हा ९० अंशांचा पट्टा चहूबाजूंनी क्षितिजालगत येतो, म्हणजे इमारतीच्या मागचं आभाळ कुठल्याही दिशेला गडद करता येतं. मे महिन्यात हवेत धूळ असते, त्यामुळे फरक कमी पडतो. ऑक्टोबरच्या धुतलेल्या आभाळात तो डोळ्यांत भरतो. पण मला त्याचं खरं मोल झाडांत वाटतं. सिव्हिल लाइन्समधली कडुनिंबाची पानं दुपारी चकाकून पांढुरकी दिसतात. फिल्टरची कडी हळूहळू फिरवली की चकाकी उतरते आणि हिरवा रंग परत येतो. रेल्वे स्थानकाच्या १९२५ साली सुरू झालेल्या इमारतीच्या दर्शनी भागासमोर उभ्या गाड्यांच्या काचांवरची चमकही तशीच मरते. उघड्या, रंग न दिलेल्या धातूवर मात्र त्याचा उपयोग नाही.

फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), पण भर दुपारी त्याची चिंता नको. आयएसओ (संवेदनशीलता) १००, एफ/८ (भिंगाचं छिद्र) ला १/४०० सेकंदाचा शटर मिळतो. फिल्टर लावूनही १/१०० च्या खाली जावं लागत नाही. बंद काचेतून मात्र सीपीएल वापरू नका. कारच्या बाजूच्या टफन्ड (कडक केलेल्या) काचेवर इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. काच खाली घ्या, किंवा फिल्टर काढा.

दीक्षाभूमीच्या १२० फुटी पांढऱ्या घुमटाजवळ दोघांची परीक्षा सारखीच. भोवतालच्या झाडांवर उजेडाचं मोजमाप झालं की घुमट जळतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो, आणि जळालेला पांढरा नंतर परत येत नाही. फोनमध्ये घुमटावर बोट टेकवा आणि उजेड कमी करा. एवढ्यासाठी कॅमेरा उपसायची गरज नाही.

उष्णतेचं मात्र हलक्यात घेऊ नका. आयफोनच्या वापरासाठी कंपनीनेच बाहेरच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश सांगितली आहे. नागपूरचा मे त्याच्या कितीतरी पुढे जातो. एकदा संविधान चौकात मी डॅशबोर्डवरून फोन उचलला तर स्क्रीन मंद झालेली, आणि दोन फोटोंनंतर कॅमेराच बंद पडला. सावलीत वीस मिनिटं थांबावं लागलं. त्यात भर उन्हात स्क्रीनवर काय येतंय तेच कळत नाही, तर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की सगळं स्वच्छ दिसतं. दुपारच्या कामात माझ्यासाठी हा सर्वांत मोठा फरक आहे.

म्हणून चालत्या गाडीतून बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, जाताना फोनच काढा. उतरून दहा मिनिटं उभं राहणार असाल आणि कॅमेरा आधीच घरात असेल, तर सीपीएल नक्की घ्या. फक्त यासाठी नवा कॅमेरा घेऊ नका. फिल्टर घेताना भिंगाच्या तोंडावर कोरलेला व्यासाचा आकडा, ५८ किंवा ६७ मिमी, जो असेल तो, पाहून घ्या. एकाहून जास्त भिंगं असतील तर सर्वांत मोठ्या तोंडाच्या भिंगाचा फिल्टर घ्या, बाकीच्यांवर तो स्टेप-अप रिंगने, म्हणजे लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणाऱ्या कडीने, बसतो.