हॉर्टीवाल्यांसाठी गुगल स्कॉलर, सहा वर्षं रोज वापरल्यावर

पीएचडीला लागल्यापासून गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचं शोधनिबंध (पेपर) शोधायचं साधन, उघडल्याशिवाय माझा एक दिवस जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्या फळबाग विभागातले ज्युनिअर्स सारखे विचारतात, ताई तिथे स्वतःच्या पेपरांचं प्रोफाइल काढू का आणि त्या एच-इंडेक्सचं एवढं काय असतं.

काढाच. एक पैसा लागत नाही, युनिव्हर्सिटीचा ईमेल व्हेरिफाय केला की झालं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही पेपर शोधायची दुसरी साधनं नीट वापरायची तर संस्थेचं सबस्क्रिप्शन लागतं, स्कॉलर मात्र घरी बसून मोबाइलवर पण चालतं. 2004 पासून आहे, आणि सुरू करणाऱ्या दोघांपैकी अनुराग आचार्य खरगपूर आयआयटीचे.

एच-इंडेक्स म्हणजे काय, तर 12 असेल तर त्या माणसाचे 12 पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान 12 वेळा कोणीतरी साइट केलंय, म्हणजे आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिलाय (त्यालाच सायटेशन म्हणतात). जॉर्ज हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 मध्ये काढलेलं माप. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्स मिळालेले पेपर किती. एवढंच.

मला खरं आवडतं ते पेपरखालचं 'साइटेड बाय'. माझा विषय हापूसचा मोहोर आणि कल्टार, म्हणजे झाडाची वाढ आवरणारं पॅक्लोब्युट्राझॉल हे औषध. त्यावरचा 1993 चा अॅक्टा हॉर्टिकल्चरी या जर्नलमधला पेपर उघडायचा, पॅक्लोब्युट्राझॉल देऊन हापूसची पालवी आवरून मोहोर कसा आणायचा त्यावरचा, आणि साइटेड बाय दाबायचं, की त्याचा आधार घेऊन पुढे कोणी काय केलं ते सगळं एकाखाली एक येतं. वर एक छोटी चौकट असते, त्यात टिक करून फक्त त्याच यादीत शोधता येतं, मी 'सॉइल' टाकते म्हणजे जमिनीत औषध किती राहतं ते बघणारे पेपर वेगळे निघतात. थीसिसचं रिव्ह्यूचं चॅप्टर मी असंच उभं केलं.

आता जपायच्या गोष्टी. ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा आणि ईमेलवर विचारून घ्यायचा पर्याय निवडा, कारण पाटील एस किंवा जाधव व्ही म्हटलं की डॉक्टर, इंजिनिअर, प्राण्यांचे डॉक्टर सगळेच येतात. दुसरं, इथे थीसिस, कॉन्फरन्सचे पेपर, स्वतःच स्वतःला केलेली सायटेशन्स सगळं मोजलं जातं, त्यामुळे आकडा स्कोपसपेक्षा बहुतेक वेळा मोठाच दिसतो. एकाचा स्कॉलरचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा शेजारी ठेवून कोण मोठा सायंटिस्ट ते ठरवू नका, हा अन्याय आहे.

आणि हॉर्टीत त्याहून मोठा अन्याय वेगळाच आहे, तो मला मनापासून लागतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 ला रत्ना हा वाण दिला, साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) न होणारा आंबा, मग रत्ना परत हापूसशी जोडून 1992 ला सिंधू, ज्याची कोय अगदी पातळ. काजूत वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 हे वाण. कोकणात कलमं घेऊन जाणारा बागायतदार काय साइट करणार हो? तो झाड लावतो. प्रोफाइलवर किती झाडं लागली याचा रकानाच नाही, आणि मराठीत शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिका पण तिथे सहसा सापडत नाहीत. वर सायटेशन्सच्या दोन रकान्यांपैकी एक असतो गेल्या पाचेक वर्षांचा. आंब्याच्या कलमाला नीट फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात, त्यानंतर काही हंगाम उत्पादन मोजायचं, मग कुठे पेपर, मग कोणीतरी तो वाचून साइट करणार. तेवढ्यात लॅबमध्ये रोपट्यांवर तीन महिन्यांचे प्रयोग करणाऱ्याचे पाच पेपर येऊन जातात. त्यांचं काम कमी नाही, पण माप एकच लावायचं म्हणजे आंब्याच्या माणसाला कायम मागेच ठेवायचं.

माझ्याकडून पाचपैकी चार. पेपर शोधायला पूर्ण पाच, माणूस मोजायला मात्र दोनच्या वर नाही देणार. निवडीसाठी कोणा शास्त्रज्ञाची फाइल बघायला बसलात तर प्रोफाइलची प्रिंट घ्या, पण शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि विचारा, सर, तुमचे वाण कुठले, कुठल्या तालुक्यात आहेत.

आणि हो, आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांचे जुने थीसिस हवे असतील तर इथे शोधत बसू नका, कृषीकोश या कृषी थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जा, तिकडे बरेच मिळतात.