परदेशातल्या वारसांसाठीचे बनावट परवानगीपत्र आणि आमचे गेलेले 5,20,000 रुपये

आई 2022 च्या नोव्हेंबरात गेली. वडील त्याआधीच गेले होते. आजोबांपासून चालत आलेली चार एकर जमीन आणि गावातले घर यांचे वारस आम्ही चार भावंडे आहोत: मी महाराष्ट्रात, भाऊ कॅनडात, एक बहीण ऑस्ट्रेलियात आणि धाकटी अमेरिकेत. भावाने आणि ऑस्ट्रेलियातल्या बहिणीने तिकडचे नागरिकत्व घेतलेले आहे, दोघांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते ओळखपत्र) आहे, आणि नेमकी हीच गोष्ट हेरून आम्हाला लुबाडण्यात आले. हे लिहिताना रागापेक्षा लाज जास्त वाटते. तरीही रकमा लपवत नाही.

एका नातेवाइकाने ज्याचे नाव सुचवले, तो माणूस परदेशस्थ वारसांची कामे करून देतो असे सांगत असे. तहसील कार्यालयात त्याची ऊठबस होती आणि शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सगळे त्याला नावाने हाक मारत, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. त्याने फी म्हणून 60,000 रुपये घेतले आणि वारस नोंदीचा ‘सरकारी खर्च’ म्हणून 35,000. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर आपला आपण करता येतो आणि त्याला असा कोणताही खर्च लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मार्च 2023 मध्ये त्याने सांगितले की परदेशी नागरिकाला शेतजमिनीचा वारसा घ्यायचा असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि ती वेळेत मिळाली नाही तर त्या दोघांचा हिस्सा सरकारजमा होतो. भाऊ आणि बहीण घाबरले, कारण आपण इकडचे राहिलो नाही ही बोच दोघांच्या मनात आधीपासून होती. दोघांनी मिळून 1,85,000 रुपये माझ्या खात्यावर पाठवले आणि मी ते त्याच्या खात्यावर वळते केले. खरे तर 1999 च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याखाली अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना शेतजमीन विकत घेता येत नाही. आईवडिलांकडून वारशाने मिळण्यावर बंदी नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाही वारसाचे नागरिकत्व विचारत नाही.

तीन आठवड्यांनी परवानगीपत्र आले. वर बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मध्ये इंग्रजी मजकूर. बहिणीच्या सासरच्या आडनावात एक अक्षर जास्त पडले होते. तेच जास्तीचे अक्षर हा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या दिवसापासून लिहीत होता, आणि मी दोनदा ते दुरुस्त करून पाठवले होते. आम्ही दिलेल्या पासपोर्टच्या प्रतीत नाव बिनचूक होते. मग ही चूक बँकेत पोहोचली कशी? त्या अक्षरावर माझे बोट थांबले होते. मी त्याला फोन केला, तो म्हणाला, “साहेब, टायपिंगची चूक आहे, शुद्धिपत्रक मागवतो,” आणि मी पत्र फाइलमध्ये लावले. त्या क्षणी थांबलो असतो तर पुढचे 2,40,000 वाचले असते. मी भोळा नाही. तीस वर्षे हिशेबाचे काम केले आहे. पण तीन देशांच्या वेळा सांभाळत रात्री दोन वाजता फोनवर बोलायचे, आईचे दिवस, घराची गळती आणि प्रत्येकाचे “दादा, तू बघ” हे सगळे एकट्याच्या डोक्यावर असले की माणूस शिक्का पाहतो आणि सुटकेचा श्वास सोडतो.

भाऊ आणि ऑस्ट्रेलियातली बहीण आपला हिस्सा माझ्या नावे सोडणार होते. त्यांच्या हिश्श्याची किंमत 48 लाख धरून, विक्रीखताप्रमाणे 5 टक्के मुद्रांक शुल्क लागेल म्हणून त्या माणसाने 2,40,000 घेतले आणि चलनाची छापील प्रत दिली. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या लिपिकाने तो चलन क्रमांक संगणकावर घातला, तर असे चलनच निघालेले नव्हते. शिवाय वडिलोपार्जित मिळकतीचे भावंडांमधले हक्कसोडपत्र तेव्हा 200 रुपयांच्या मुद्रांकावर होत होते. सरकारी भरणा दुसऱ्याच्या हाती देऊ नका; चलन स्वतः काढा, क्रमांक स्वतः तपासा.

जमीन वाचली ती धाकटीमुळे. त्या माणसाने पाठवलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या मसुद्यात मुखत्यार म्हणून त्याचेच नाव होते आणि जमीन विकण्याचाही अधिकार होता. “दादा, त्याच्या नावाने मी सही करणार नाही,” असे ती म्हणाली, तेव्हा कामात खोडा घालतेस म्हणून मी तिच्यावर चिडलो. मुखत्यार भावंडच असावे, आणि अधिकार नेमक्या कामापुरता लिहावा. परदेशात केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. इतर दोघांची पत्रे या माणसाने चार महिने नुसती स्वतःकडे ठेवली होती.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. बनावट शिक्क्याचे पत्र टेबलावर ठेवूनही हेच उत्तर. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे. मी ते दाखवले, तर त्याच निकालातली कौटुंबिक वादात प्राथमिक चौकशीची सवलत माझ्यापुढे धरण्यात आली. भावंडांमध्ये वाद नव्हताच! आर्थिक गुन्हे शाखेने रक्कम लहान म्हणून परत ठाण्यात पाठवले. ठाण्याने ज्यांचे पैसे गेले त्यांना प्रत्यक्ष हजर करा म्हटले, म्हणजे 1,85,000 साठी दोघांनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून विमानाने यायचे. बँकेने व्यवहार तुम्हीच केलात म्हणून हात झटकले. अखेर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवली, तेव्हा गुन्हा नोंदला गेला, सात महिन्यांनी. तोवर त्या माणसाने खाते रिकामे केले होते. तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

वारस नोंद पुढे मीच तलाठ्याकडे अर्ज देऊन केली. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडले, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आता आम्हा चौघांची नावे आहेत. भावाचे 92,500 रुपये मी त्याला परत करणार होतो, तेव्हा त्याने व्हिडिओ कॉलवर एकदाच विचारले, “दादा, त्या माणसाला तू किती वर्षांपासून ओळखत होतास?” हक्कसोडाचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही, आणि मीही काढलेला नाही.