पडद्यार बुरो इलो! वर्गातल्या प्रोजेक्टरचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षीच्या गणपतीत गावच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून आमच्या शाळेला साडेनऊ हजारांचा छोटा एलईडी प्रोजेक्टर दिला. शाळा देवगड तालुक्यात, खाडीकाठी. पाचवी ते सातवी, एकच मोठी खोली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतले सगळे एकाच खोक्यातून निघाल्यासारखे दिसतात. खोक्यावरच्या ल्युमेनच्या (म्हणजे उजेडाच्या) आकड्यावर जाऊ नका, 'एएनएसआय' ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. आम्ही विचारलं नाही, म्हणून खिडक्यांना गोणपाट लावून शिकवतो.

खरं रडगाणं वेगळंच आहे. जुलैमध्ये सातवीतला एकजण ओरडला, "बाई, पडद्यार बुरो इलो!" बुरो म्हणजे बुरशी. बघते तर चित्राच्या उजव्या कोपऱ्यात करडे डाग, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मी भिंग पुसलं. काही फरक नाही. नंतर कळलं की भिंगावरचा डाग सहसा पडद्यावर उमटतच नाही. उमटतो तो आतल्या एलसीडीच्या, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या काचेजवळचा. या स्वस्त प्रोजेक्टरांत आतला भाग हवाबंद नसतो. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि आमच्याकडे जुलैची हवा म्हणजे अर्धं पाणीच.

वॉरंटी वर्षाची, झाले होते अकरा महिने. फोन केला. "मॅडम, ओलावा वॉरंटीत येत नाही, तो वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा." मी म्हटलं, अहो, मी कोकणात राहते, यात माझा काय निष्काळजीपणा? तर म्हणे मुंबईला कुरिअर करा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, तपासणीचे सातशे वेगळे. मग सील तोडण्याची हिंमत केली. तिठ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने तीनशेत उघडून पुसून दिला. पण सुटा भाग मागवायचा होता, मध्ये पाऊस आणि गणपती, त्यात पाच आठवडे गेले.

अभिप्रायात याला पाचपैकी एकच तारा द्यायचा हे तेव्हा ठरलेलं होतं. मजकूरसुद्धा तयार होता.

पण त्या पाच आठवड्यांत माझंच बिंग फुटलं. त्याआधी मी काय करत होते? पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ घरून उतरवून आणायचा (शाळेत रेंज फक्त खिडकीत), तो लावायचा आणि मागे बसून वह्या तपासायच्या. पोरं आ वासून बघायची. दुसऱ्या दिवशी विचारलं की सगळं साफ. फक्त 'फेट' या विज्ञानाच्या वेबसाइटची मराठी सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) तेवढी कामाची होती, कारण त्यांत वायर कुठे जोडायची ते पोरांनाच ठरवावं लागतं.

प्रोजेक्टर दुकानात पडलेला आणि भूगोलात भरती-ओहोटी आलेली. एका मुलीच्या घराची पडवी थेट खाडीवर. तिच्या बाबांनी ओहोटीला चिखलात बांबू रोवला, त्यावर वीस-वीस सेंटीमीटरचे लाल-पांढरे पट्टे. पडवीत माझा जुना फोन दोनशे रुपयांच्या स्टँडवर लावला. अकरा ते चार, मिनिटाला एक फोटो, असे तीनशे फोटो. सेकंदाला दहा या वेगाने जोडले की अर्ध्या मिनिटाची फिल्म. पोरं पडवीच्या खाली उतरायची नाहीत, ही अट पहिली.

दिवस निवडला संकष्टीचा, तो तिच्या आजोबांमुळे. ते जुने मच्छीमार. त्यांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन वाजता. आमच्या बांबूवर पाणी सर्वांत वर आलं ते दोन चाळीसला. पंचमीला पुन्हा फोटो काढले, तर साडेतीनच्या जरा आधी. वर्गात भांडण जुंपलं: आजोबा चुकले की फोन? दोन दिवसांच्या वेळांतल्या फरकाचं गणित पोरांनीच केलं. चंद्र पुढे सरकतो म्हणून भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी लांबते, आजोबांच्या हिशेबात पंचेचाळीसच. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "पाच मिन्टांसाठी होडी सुटणा नाय."

प्रोजेक्टर परत आल्यावर ही फिल्म भिंतीवर कार्डशीट चिकटवून दाखवली. फिल्ममधल्या दर तासाला थांबवायची आणि पोरांनी पाण्याची पातळी स्केचपेनने कागदावर मारायची. फिल्म संपली तेव्हा कागदावर आलेख तयार. हे कुठल्याही आयत्या व्हिडिओत झालं नसतं, आणि नुसत्या फोनच्या पडद्यावरही नाही. म्हणून एक तारा वाढवला.

देणगीदार मात्र नाराज. त्यांना बॅनरसकट पोरांचे फोटो ग्रुपवर हवे होते. आम्ही बांबूची फिल्म पाठवली, त्यात एकही चेहरा नाही. "पोरं खंय आसत?" २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे मी समजावलं. खरं सांगायचं तर कायदा नसता तरी पाठवले नसते. त्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत, निम्मी मला माहीत नाहीत.

आता साठवण. तांदळात ठेवू नका, टोके (किडे) होतात आणि पंख्यात भुसा जातो. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे निळे खडे टाकून ठेवते. ओलावा धरला की ते गुलाबी होतात, तापवले की परत निळे. तापवायला घरचा बाद तवा, शाळेच्या खिचडीचं भांडं नव्हे. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते घातक, म्हणून पोरांनी लांबूनच बघायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला हा उद्योग. वापरून झाल्यावर पंखा पूर्ण थांबू द्यायचा, गरम प्रोजेक्टर लगेच डब्यात कोंबायचा नाही.

पुन्हा घेईन का? आतला भाग हवाबंद असलेला घेईन, दोन हजार जास्त गेले तरी चालतील. कुरिअरचा हिशेब केला तर ते वसूलच आहेत.

एक डाग निघाला नाही, खाली उजवीकडे. खाडीच्या फिल्ममध्ये तो बरोबर पाण्यावर येतो. पोरं त्याला होडी म्हणतात.