कॅनन सेव्हन डी मार्क टू, दहा महिने केजशेजारी: ते काळे पट्टे शटरचे नव्हते

आधी हेच सांगतो कारण यासाठीच लिहायला बसलोय. हॉलमध्ये बर्स्ट मारल्यावर (बटण दाबून ठेवून सलग फोटो काढल्यावर) एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरीत खालचा अर्धा भाग तपकिरी असं येत असेल तर कॅमेरा लगेच दुरुस्तीला नेऊ नका. मी नेला होता. दुकानातल्या माणसाने स्क्रीनवर पाच-सहा फोटो बघितले आणि शटर गेलंय म्हणाला, बदलायला साडेअकरा हजार. बॉडीच (लेन्सशिवायचा कॅमेरा) सेकंडहँड अडतीस हजारांना घेतलेली, त्यात साडेअकरा म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. मी दोन दिवस मागितले तर म्हणे दोन दिवसांत पूर्ण अडकेल, मग बोर्डपण जाईल. या वाक्याचा राग मला अजून आहे. शटर अडकल्याने बोर्ड कसा जातो हे विचारलं तर उत्तर नाही, आणि कॅमेरा परत मागितला तर तपासणीचे पाचशे घेतले.

स्पेक सगळ्यांना माहिती आहेत, २०१४ ची बॉडी, २० मेगापिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम, ६५ फोकस पॉइंट, त्यामुळे त्यात जात नाही. मी पुण्यात लोकल अमॅच्युअर एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, केजमध्ये म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या फाइट) शूट करतो, आमच्या जिमच्या सरांमुळे सुरुवात झाली. लेन्स ८५ मिलिमीटर, एफ एक पॉइंट आठ, तीपण जुनी. जागा म्हणजे कधी बॅडमिंटन हॉल, कधी मंगल कार्यालय, मध्ये केज आणि वर जे लाइट असतील ते. फ्लॅश मारायचा नाही, फायटरच्या डोळ्यावर येतो, कुणी परवानगी देत नाही आणि देऊही नये.

आता ज्या शोमुळे मी दुकानात गेलो तो सांगतो. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसी या मोठ्या एमएमए स्पर्धेत फाइट जिंकली, असं करणारी पहिली भारतीय महिला, त्यानंतर आमच्याकडे मुलींची वेगळी बॅच सुरू झाली. त्यातली एक मुलगी, आधी तालमीत कुस्ती करायची, तिची पहिली फाइट होती. दुसऱ्या राउंडला ती पट काढायला (पाय धरून पाडायला) खाली गेली, समोरचीला उचलून आपटलं आणि मी त्या दीड सेकंदात पंधरा फ्रेम मारल्या. फोकस बरोबर, चेहरा माझ्याच बाजूला, दोन्ही पाय हवेत. आणि नेमक्या त्याच फ्रेममध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा पट्टा. आधीच्या फ्रेममध्ये नाही, नंतरच्या फ्रेममध्ये नाही. तिची आई दुसऱ्या दिवशी जिममध्ये फोटो बघायला आली होती, मी आजूबाजूचे दिले, तो एक दाखवला नाही. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी उठून दुकान गाठलं.

दुकानातून परत आल्यावर गच्चीत उन्हात १/६४० सेकंदाच्या शटर स्पीडला दोनशे फ्रेम मारल्या. एकातही पट्टा नाही. शटर गेलं असतं तर उन्हातपण दिसलं असतं ना. मग तेच जिममध्ये जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली केलं, आले पट्टे. स्पीड १/१०० वर आणला, गायब. इथे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे लाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही. १/१०० ला प्रत्येक फ्रेममध्ये एक अख्खा चढउतार मावतो म्हणून सगळ्या सारख्या. १/६४० ला त्यातला एक तुकडाच पकडला जातो, कधी वरचा कधी खालचा. शिवाय या बॉडीत १/२५० च्या पुढे पूर्ण सेन्सर एका वेळी उघडा नसतोच, एक फट वरून खाली सरकते, आणि ती सरकता सरकता लाइट मंदावला की अर्धी फ्रेम वेगळी दिसते. बॅडमिंटन हॉलमध्ये वर मेटल हॅलाइडचे मोठे दिवे असतील तर रंगपण बदलतो, एक फ्रेम हिरवट तर एक गुलाबी.

आणि यावरचा उपाय याच कॅमेऱ्यात आहे! अँटी फ्लिकर. कॅननने हे पहिल्यांदा याच मॉडेलमध्ये दिलं. कारखान्यातून येताना बंद असतं, मेनूत जाऊन चालू करावं लागतं. चालू केलं की कॅमेरा लाइटचा ठेका ओळखतो आणि लाइट सगळ्यात उजळ असताना शटर सोडतो. मी पाच महिने ही ओळ बंद ठेवून शूट करत होतो. घेताना सगळे हाय आयएसओ (कमी उजेडात किती संवेदनशील) किती विचारतात, मीपण तेच विचारलं होतं. माझं मत आता असं आहे की इनडोअर फाइटसाठी बॉडी घ्यायची तर पहिला प्रश्न अँटी फ्लिकर आहे का हाच विचारा, मेगापिक्सेल, आयएसओ, व्हिडिओ सगळं नंतर.

चालू केल्यावरचा पहिला शो. बारा फाइट, साधारण अडीच हजार फ्रेम, आणि लॅपटॉपवर ओळीने सगळ्या सारख्या! एका फाइटचा रंग ठीक केला आणि बाकीच्यांना तोच चिकटवला, एडिटिंग दोन रात्रींवरून दोन तासांवर आलं. बर्स्ट जरासा मंदावतो आणि बटण दाबल्यावर किंचित उशीर जाणवतो, दहाच्या जागी सात-आठ फ्रेम येत असाव्यात, पण पूर्वी दहातल्या चार फेकायच्याच होत्या.

इथपर्यंत मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. मग एक शो मुंबईला झाला, मोठं आयोजन, केजच्या मागे एलईडी वॉल आणि वर एलईडी पॅनेल. अँटी फ्लिकर चालू असूनही पट्टे, आणि यावेळी बारीक बारीक, खूप सारे. मी सरळ हादरलो, वाटलं दुकानवाला खरं बोलत होता. घरी येऊन मॅन्युअल नीट वाचलं, तर हे फीचर फक्त १०० आणि १२० हर्ट्झचा फ्लिकर ओळखतं. एलईडीचा उजेड कमी करायला ते सेकंदाला शेकडो हजारो वेळा चालू-बंद केले जातात, त्याचा ठेका या बॉडीला सापडत नाही. कॅननच्याच २०२१ च्या आर थ्री कॅमेऱ्यात त्यासाठी वेगळी सोय आहे, शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी जुळवता येतो, पण ती बॉडी माझ्या आवाक्यात नाही. म्हणून मत थोडं बदलतो: ट्यूब आणि मेटल हॅलाइडच्या हॉलसाठी हा कॅमेरा सोनं आहे, एलईडीच्या चकचकीत शोसाठी भरवसा नाही. तिथे मी पुढचे दोन तास १/२५० वर उतरलो, पट्टे बरेच फिके झाले, पंच मारणारे हात हलले पण चेहरे वाचले. ग्राउंडवर चोक (गळा आवळणारी पकड) लागलेला असताना तसाही कुणी फार हलत नाही, तिथे १/२५० पुरतो.

बाकीचं थोडक्यात. आयएसओ, सुरुवातीला ३२०० च्या वर जायचं नाही असा नियम केला होता, तो चुकीचा. ३२०० ला अंधारी फ्रेम काढून नंतर उजळली तर सावल्यांत जो कचरा दिसतो त्यापेक्षा सरळ ६४०० ला नीट उजेडाची काढलेली खूप बरी. फायटर फोटो मोबाइलवरच बघतात, तिथे दाणे दिसत नाहीत, अंधार दिसतो. व्हाइट बॅलन्स (रंग बरोबर यावेत म्हणून पांढऱ्याची ओळख) मी कॉर्नरमधल्या पांढऱ्या टॉवेलवर घेतो, फाइट सुरू व्हायच्या आधी.

जाळीचा प्रश्न सगळे विचारतात. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ २ इतकं मोठं ठेवा, जाळी विरघळून जाते. फोकस मात्र अधूनमधून तारेवर जातो. फोकसच्या सहा केसेस (तयार सेटिंग) आहेत त्यातली केस टू लावा, अडथळा आला तरी विषय धरून ठेवणारी, रेफरी मध्ये आला तरी फोकस लगेच उडी मारत नाही. कडक हूड (लेन्सच्या पुढची टोपी) लावू नका. दोघं धडकून जाळीवर येतात तेव्हा हूडला बसलेला धक्का सरळ लेन्सच्या पुढच्या भागाला जातो, माझ्या जुन्या लेन्सचा फिल्टर असाच फुटला. ५८ मिलिमीटरचा रबरी हूड दोन-अडीचशेला मिळतो, तो दबतो, जाळीला चिकटतो आणि बाजूचा लाइटपण अडवतो.

८५ ची लेन्स मात्र या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर १३६ सारखी जास्त झूम पडते, फायटर तुमच्या बाजूच्या जाळीवर आले की फक्त कान आणि ग्लोव्ह दिसतो. पलीकडच्या कॉर्नरसाठी छान. वायफाय नाही, आणि सर दर फाइटनंतर लगेच एक फोटो मागतात, त्यासाठी कार्ड रीडर मोबाइलला लावावा लागतो, दरवेळी पाच मिनिटं जातात. वजन ९१० ग्रॅम, लेन्स वेगळी, चौथ्या तासाला मनगट बोलतं.

शटर २ लाख क्लिकसाठी रेट केलेलं आहे. माझे या दहा महिन्यांत पंचवीस हजार झाले असतील, आधीचे किती ते विकणाऱ्याने सांगितलं तेवढंच माहिती. जाईल तेव्हा जाईल, पण त्या दिवशी गेलेलं नव्हतं.

जे साडेअकरा हजार वाचले त्यातून ५० एक पॉइंट आठ एसटीएम लेन्स घेतली, जवळच्या जाळीसाठी. पुढच्या शनिवारी त्याच मुलीची दुसरी फाइट आहे, त्याच हॉलमध्ये. मी चार वाजताच जाणार आहे, सगळे लाइट लावायला सांगून रिकाम्या केजचे शंभर फोटो काढून बघणार, आणि आयोजकांनी यावेळी एलईडी आणलेत का ते लाइटवाल्याला आधीच फोन करून विचारलंय. नाही म्हणाला, जुनेच आहेत.