ताण-थकव्यावरचा तीन डब्यांचा संच: वापरून आणि लेबलं वाचून

आधी आकडा सांगून टाकते: पाचपैकी अडीच तारे. त्यातले दीड डब्यांसोबत आलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डाला, एक रात्रीच्या डबीला. सकाळच्या डबीला भोपळा. शेकच्या पुडीबद्दल पुढे चार ओळी आहेत, तेवढ्या पुरेत.

कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीचे संच आता ढिगाने मिळतात: सकाळी ‘ऊर्जा’, रात्री ‘शांती’, मध्ये एक शेक आणि वर व्यायामाचा तक्ता. माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि मुदत कायम कालचीच. त्यातून मागे लागलेला थकवा विचित्र होता. दिवसा अंगात त्राण नाही आणि रात्री आडवं झालं की छातीत धाकधूक सुरू. जाहिरातीत नेमकं हेच वर्णन होतं, म्हणून संच मागवला. पण बारीक टाईप दिसला की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा हे परीक्षण निम्मं वापरून आणि निम्मं भिंगातून.

सकाळच्या डबीवर दर्शनी बाजूला ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ असं ठसठशीत छापलंय. सततच्या ताणाने मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमतात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी पडतं आणि माणूस गळून जातो, असा त्यामागचा सिद्धान्त. ऐकायला पटतो. पण २०१६ साली ५८ अभ्यास तपासून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता: अ‍ॅड्रिनल फटीग अस्तित्वात नाही. या ग्रंथी खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. तो गंभीर असतो, रक्त तपासून कळतो आणि त्यावर डॉक्टरांचेच उपचार लागतात. म्हणजे नसलेल्या आजाराला ‘सपोर्ट’ देणारी ही डबी.

आत काय आहे? अश्वगंधा, ऱ्होडिओला ही औषधी वनस्पती, ग्रीन टीचा अर्क आणि कॅफीन, सगळं मिळून ‘खास मिश्रण ८५० मिलिग्रॅम’. कुठलं किती, ते छापलेलं नाही. असं एकत्र वजन देऊन मोकळं होण्याची पद्धत पूरक गोळ्यांच्या धंद्यात सर्रास आहे. ग्राहकाच्या हिताची मुळीच नाही. उदाहरणार्थ अश्वगंधा. तिच्यावर बरे अभ्यास झालेत. २०१२ च्या एका चाचणीत ६४ जणांवर ६० दिवस प्रयोग झाला. ज्यांना मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा मिळाला, त्यांच्या ताणाच्या गुणांकनात आणि कॉर्टिसॉलमध्ये घट दिसली. चाचणी लहान आहे, पण निदान मात्रा तरी स्पष्ट आहे. या डबीतली मात्रा त्याच्या निम्मी आहे की दुप्पट, हे मी कसं ओळखू? शिवाय अर्क मुळांचा की पानांचा, तेही गुलदस्त्यात.

कॅफीनबद्दल मी ग्राहकसेवेला लिहिलं. पहिलं उत्तर ‘आमच्या संशोधनावर आधारित संतुलित प्रमाण’. पुन्हा लिहिल्यावर कळलं की एका कॅप्सूलमध्ये साधारण एका कप कॉफीइतकं. आणि डबीवरची सूचना अशी की एक सकाळी, दुसरी दुपारी चारच्या सुमारास. कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे चारला घेतलेल्यातलं निम्मं रात्री नऊला रक्तात फिरत असतं. थकव्याची जाणीव करून देणारा अ‍ॅडिनोसिन नावाचा रेणू मेंदूत जिथे बसतो, ती जागा कॅफीन अडवून धरतं. थकवा जात नाही, त्याची बातमी थांबते. ज्याला आधीच धडधड होते त्याला वर ही धडधड फुकट. मग झोप लागत नाही म्हणून रात्रीची कॅप्सूल, तीही यांचीच. धंदा म्हणून मानलं पाहिजे.

सकाळच्या याच डबीत जीवनसत्त्वांचाही मारा आहे. बी६ २५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बी६ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली, कारण जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. अमेरिकेतली मर्यादा अजून १०० आहे, त्यामुळे ‘मर्यादेच्या आत’ असं छापायला कंपनी मोकळी. लघवी गर्द पिवळी झाली तर घाबरू नका, ते बी२ बाहेर पडतंय; तुमचे पैसेच बाहेर पडतायत म्हणा ना.

रात्रीची डबी त्यामानाने प्रामाणिक निघाली, दर्शनी आकडा सोडला तर. पुढे ‘मॅग्नेशियम १००० मिलिग्रॅम’, मागे बारीक अक्षरात ‘मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’. या संयुगात खरं मॅग्नेशियम सुमारे १४ टक्के, म्हणजे १४० मिलिग्रॅमच्या आसपास. हे प्रमाण वाईट नाही, उलट शहाणपणाचं आहे. पूरक गोळ्यांमधून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा अमेरिकी संकेत आहे. त्यापुढे काहींचं पोट बिघडतं. स्वस्त गोळ्यांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड असतं. त्यात मॅग्नेशियम ६० टक्के भरतं, पण अंगी लागतं थोडंच. ग्लायसिनेट पोटाला सोसतं, मला तरी सोसलं. सोबत चहाच्या पानांत असतं ते एल-थिअ‍ॅनिन, २०० मिलिग्रॅम, मात्रा स्वच्छ छापलेली.

परिणाम? झोप लागायला थोडी मदत झाली, पायात येणारे गोळे थांबले. चिंता गेली असं म्हणणार नाही. चिंतेवर मॅग्नेशियमचे जे अभ्यास आहेत ते बरेचसे लहान आणि कच्चे. ज्याच्या आहारातच ते कमी पडतंय त्याला उपयोग होण्याची शक्यता जास्त, आणि आहारातून ते मिळवणं अवघड नाही. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम भोपळ्याच्या बियांत दीडशे मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम असतं, तेवढ्याच बदामांत ८०. या डबीतल्या रोजच्या मात्रेपेक्षा मूठभर बिया सरस ठरतात. डबी संपल्यावर मी बियांवर आले.

शेकची पूड: एका पुडीत प्रथिनं नऊ ग्रॅम, बाकी गोडी आणि सुगंध. सकाळी पोटात काहीतरी असावं हा त्यामागचा मुद्दा बरोबर आहे, कारण उपाशीपोटी नुसत्या कॉफीवर सकाळ काढली तर हात थरथरणं, घाम, धडधड हे सगळं चिंतेसारखंच भासतं, दोन्हीकडे अ‍ॅड्रेनलिन तेच. पण त्यासाठी पूड कशाला? पोटभर नाश्ता करा, त्यात डाळ, अंडं, दही असं काहीतरी असू द्या.

आता कार्ड. हाताच्या पंजाएवढं, दोन्ही बाजूंनी छापलेलं, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही. सुरुवात दहा मिनिटांच्या भरभर चालण्याने. वेग किती? बोलता यावं पण गाता येऊ नये इतका. घड्याळ नको, पट्टा नको. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही १५० ते ३०० मिनिटांचीच आहे, कार्डाने ती माणसाला झेपेल अशी फोडून दिली. प्रत्येक टप्प्याला ‘आज नाही जमलं तर मागच्या टप्प्यावर या’ अशी ओळ आहे. ती लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

चालण्याचा एक उपयोग मात्र कार्डावर छापलेला नाही. चढावर काळीज धडधडतं, श्वास फुलतो, घाम येतो आणि काहीही वाईट होत नाही. हे पुन्हापुन्हा घडलं की रात्रीच्या धडधडीचा धाकही कमी होतो, कारण शरीराला ती ओळखीची वाटू लागते. पॅनिकच्या उपचारांत मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, ते याचसाठी. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे, आणि सकाळची डबी बंद केल्यावर.

कार्डात एक मोठी उणीव आहे. थोड्याशा श्रमाने दुसऱ्या दिवशी माणूस पार आडवा होत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर ते साधं ताणाचं थकणं नसू शकतं. एमई/सीएफएस या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात श्रम वाढवत नेले तर प्रकृती आणखी ढासळू शकते. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेतून त्या रुग्णांसाठी ठरावीक चढत्या व्यायामाचा उपचार काढून टाकला. ही एक ओळ कार्डावर सहज मावली असती.

संच घेण्याआधी रक्त तपासा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी१२ असं सगळं करायला लावलं. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन तळाला. म्हणजे रक्तक्षय नाही, पण लोहाचा साठा रिकामा, आणि तेवढ्यानेही थकवा येतो. संचात लोह नाही. तपासणीशिवाय ते घालू नये हे बरोबरच, पण ग्रीन टीचा अर्क आहे, जो जेवणातल्या लोहाचं शोषण कमी करतो! दुसरी भानगड बायोटिनची, म्हणजे बी७ जीवनसत्त्वाची. सकाळच्या कॅप्सूलमध्ये ते ५००० मायक्रोग्रॅम आहे. इतकं बायोटिन घेतलेलं असलं तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून किमान दोन दिवस आधी बंद करावं लागतं. डॉक्टरबाईंनी विचारलं म्हणून कळलं, डबीवर एक अक्षर नाही.

गरोदर असाल, थायरॉइडचा किंवा यकृताचा त्रास असेल तर अश्वगंधेच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या पण खऱ्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर मॅग्नेशियम आपल्या मनाने नको. थायरॉइडच्या गोळीत आणि मॅग्नेशियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा. चिंतेवरची औषधं चालू असतील तर संच आला म्हणून ती बंद करू नका.

मागणी एकदा नोंदवली की संच दर महिन्याला आपोआप येत राहतो, आणि रद्द करायचा दुवा खात्याच्या तिसऱ्या पानावर तळाशी आहे. ‘विराम द्या’ हे मोठं बटण दाबू नका, त्याने पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होतं. त्याखालची राखाडी ओळ दाबायची. कार्ड मात्र त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणीशिवाय फुकट उतरवून घेता येतं.