मूळव्याधीचं लेझर ऑपरेशन : सहा महिन्यांनंतरचं मत

'दुसऱ्या दिवशी कामावर हजर' हे जाहिरातीतलं वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो, चालतो-फिरतो, इथपर्यंत ठीक. आठ तास खुर्चीत बसणं ही वेगळी गोष्ट आहे. आठवडाभराची रजा धरा. काम वजन उचलण्याचं असेल तर त्याहून जास्त.

माझा सगळा राग सुजेवर आहे, कारण तिच्याबद्दल आधी कुणी नीट सांगत नाही. गुदद्वाराच्या कडेला बारीकसं छिद्र पाडून फायबर (लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार) कोंबाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या फुगलेल्या गाठीच्या, आत सरकवतात आणि डायोड लेझरची (बहुधा १४७० नॅनोमीटर) ऊर्जा टप्प्याटप्प्याने देतात. कोंब आतून भाजून आकसतो. कापून काही काढलेलं नसतं, म्हणून उघडी जखम नाही आणि दुखणंही कमी. पण भाजलेली जागा आधी फुगते. चौथ्या-पाचव्या दिवशी हाताला पूर्वीपेक्षा मोठी गाठ लागते आणि ऑपरेशन फसलं असं वाटून धीर सुटतो. बहुतेक वेळा फसलेलं नसतं. शरीर तो भाग हळूहळू शोषून घेतं, तिथे घट्ट तंतुमय ऊती तयार होते आणि ती कोंबाला आतल्या थराशी धरून ठेवते. याला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. ऊर्जा जास्त दिली गेली तर मात्र वरचं अस्तर भाजतं, व्रण पडतो आणि दुखणं लांबतं. इथे डॉक्टरचा हात महत्त्वाचा, मशीनचा ब्रँड नाही.

पंधरा दिवसांनी गुण द्यायचे तर पाचपैकी दोन. तीन महिन्यांनी ते चार करावे लागतात.

पहिल्या शौचाची तयारी मात्र ऑपरेशनच्या आधीच करायची. ट्रामाडॉल किंवा कोडीनसारख्या वेदनाशामकांनी मल घट्ट होतो. मल मऊ करणाऱ्या लॅक्टुलोज या औषधाचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे शौच अडल्यावर सुरू करून उपयोग नाही; कधीपासून घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा. इसबगोल मोठा ग्लासभर पाण्यातच घ्या, कमी पाण्यात ते उलट अडकतं. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर. पाण्यात जंतुनाशक घालायची गरज नाही, त्याने कातडी चुरचुरते. पुसू नका, धुवून मऊ कापडाने टिपा. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर लघवी अडू शकते. सहा-आठ तासांत झाली नाही तर लगेच सांगा.

दोनेक आठवडे रक्ताचे थेंब दिसणं अपेक्षित आहे. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास एखाद्याला अचानक जास्त रक्त जातं. गुठळ्या पडल्या, चक्कर आली, किंवा ताप येऊन दुखणं वाढत चाललं, तर सकाळची वाट पाहू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगायला हवं, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आता निवड. कोंब किती बाहेर येतो यावरून मूळव्याधीच्या चार श्रेणी धरतात. पहिल्या श्रेणीला सहसा ऑपरेशन लागतच नाही. दुसरीला बरेचदा कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवून भागतं. लेझर शोभतं ते दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीला. चौथ्या श्रेणीचा, बाहेरच राहणारा मोठा कोंब कापूनच काढलेला बरा. कापण्याची, १९३७ साली मांडलेली मिलिगन-मॉर्गन पद्धत दोन ते चार आठवडे चांगलीच दुखते, पण त्यानंतर मूळव्याध परत येण्याचं प्रमाण लेझरपेक्षा कमी असतं. बाहेर लोंबणाऱ्या कातडीच्या घड्याही लेझरने जात नाहीत. त्या त्याच वेळी कापून घेता येतात, मग कापल्याचं दुखणंही आलं.

'लेझर' या शब्दावर थांबू नका. काही ठिकाणी लेझर नुसता सुरीसारखा वापरून कोंब कापतात आणि उघडी जखम तशीच राहते. 'फायबर कोंबाच्या आत घालणार की लेझरने कापणार?' असं थेट विचारा.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं तर 'कोंब परत आला' असं घरीच ठरवू नका. आधी तपासणी, आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असून मोठ्या आतड्याची दुर्बीण कधीच झाली नसेल तर तिच्याबद्दल त्याच भेटीत विचारा.