रेंडरिंगसाठी दोन-तीन कार्डं: ब्लोअर की मोठ्या पंख्यांची?

रेंडरिंगसाठी, म्हणजे थ्रीडी दृश्यांची अंतिम चित्रं बनवायला, एकाच कॅबिनेटमध्ये जास्त ग्राफिक्स कार्डं बसवायची, तर खरा प्रश्न गरम हवा जाणार कुठे, हा. ब्लोअर, म्हणजे बंदिस्त खोक्यात एकच फुंकणारा पंखा असलेलं कार्ड, ती मागच्या पट्टीतून थेट कॅबिनेटबाहेर फेकतं. जाडी बहुधा २ स्लॉट (कार्डं बसवायच्या खाचा), त्यामुळे कार्डं खेटून मावतात. आवाज मात्र हेअर ड्रायरसारखा. रात्रभर रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचं विसरा.

पंख्यांचं कार्ड एकटं असेल तर थंड, शांत. पण आरटीएक्स ४०९० सारखं ४५० वॅटचं कार्ड बरीचशी उष्णता आतच सोडतं आणि तीच हवा वरचं कार्ड ओढतं. दोन खेटली की वरच्याचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, घसरलाच. रायझर केबलने (कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवू देणारी जोडकेबल) अंतर वाढतं, पण खटाटोप आहे.

एक कार्ड, किंवा मध्ये मोकळी जागा सोडून दोन असतील तर पंख्यांची घ्या. तीन-चार कार्डं आणि मशीन दुसऱ्या खोलीत असेल, तर ब्लोअरच.